दोन फुटी टाकीत ‘छोटी घोरपड’: त्या मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकीचा आहे

‘घरात छोटा डायनासोर पाळा’ या नावाचा एक मेसेज सध्या खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे असे: ॲकी मॉनिटर (घोरपडीच्या कुळातला लहान परदेशी सरडा) आणि आपल्या घोरपडीचं पिल्लू एकच; दोन फुटी माशांची टाकी, खाली वर्तमानपत्र आणि साठ वॅटचा बल्ब एवढं पुरतं; खायला खिमा आणि कच्चं अंडं; परवाना लागत नाही; रोज हातात घेतलं की माणसाळतं. माझ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, उसात सापडलेलं पिल्लू चालेल काय?’

नाही चालणार. आधी तेवढंच सांगतो. ॲकी ही उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, खडकाळ भागातली जात. पूर्ण वाढली तरी शेपटीसकट साठ-सत्तर सेंटिमीटर. आपली घोरपड, कानडीत उड, पाच फुटांच्या वर जाऊ शकते. लहानपणी अंगावर पिवळसर ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यामुळे पिल्लू फोटोत ॲकीसारखं दिसतं, इतकंच साम्य. आणि भारतात आढळणाऱ्या सगळ्या घोरपडी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कलम ५१ प्रमाणे किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ऊसतोडीत पिल्लू दिसलं तर बांधाकडे जाऊ द्यायचं. जखमी असेल तर वनखात्याला कळवायचं. घरी आणायचं नाही. मेसेजमध्ये तानाजीच्या यशवंती घोरपडीचा दाखलाही दिलाय. ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आवडीची आहे, पण तिच्या जोरावर आज घोरपड घरात ठेवता येत नाही.

मेसेजमधलं अर्धं खरं मान्य करतो: मॉनिटरच पाळायचा असेल तर नवशिक्यानं ॲकीपासून सुरुवात करावी, हे जाणकारही सांगतात. पण ‘नवशिक्याला चालेल’ याचा अर्थ ‘टाकीत चालेल’ असा होत नाही. पुष्कळ जनावरं त्या टाकीमुळेच मरतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

ॲकी बिळात आणि खडकाच्या फटीत राहणारा प्राणी आहे. त्याला निदान ३० सेंटिमीटर खोल, बीळ टिकेल अशी ओलसर माती लागते. बाजारातल्या दोन फुटी टाकीची उंचीच फूट-सव्वा फूट असते. म्हणजे माती भरली की टाकी संपली, जनावर कुठे ठेवणार? वर्तमानपत्रावर ठेवलं तर बीळ नाही आणि बिळातला ओलावाही नाही. वरच्या कोरड्या गरम हवेत शरीरातलं पाणी हळूहळू आटतं आणि महिन्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मादीचं तर आणखी वाईट. नर नसतानाही ती अंडी धरते. घालायला खोल, उबदार माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून मरू शकते.

आता बल्ब. मेसेज म्हणतो, ‘३५ अंश पुरे, जास्त तापवू नका.’ बल्बखालचा पृष्ठभाग ५५ ते ६५ अंश सेल्सिअस हवा आणि त्याच वेळी पेटीचा थंड कोपरा २५-२७ अंशांवर राहिला पाहिजे. मग प्राणी दहा-पंधरा मिनिटं तापून सावलीत जातो, शिकार करतो, खाल्लेलं पचवतो. पृष्ठभाग ३५ वरच असला तर तो दिवसभर बल्बखाली पडून राहतो आणि मालकाला वाटतं, किती शांत आहे! छोट्या टाकीत बल्ब मोठा केला तर अख्खी टाकी भट्टी होते, लहान ठेवला तर दगड तापत नाही. यातून सुटायचा एकच मार्ग, पेटी मोठी.

म्हणजे तळ किमान ४ बाय २ फूट, आणि माती धरून उंची ४ फूट असली तर उत्तम. १८ मिलिमीटरचा पाणी न पिणारा मरीन प्लाय. आतले सांधे आणि मातीचा भाग इपॉक्सीनं बंद करायचा, नाहीतर आपल्याकडच्या एका पावसाळ्यात प्लाय फुगतो. पुढे खालचे सव्वा फूट फळी, त्यावर सरकती काच. वर जाळी नको, ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात. बाजूला दोन लहान झरोके पुरतात. १२० बाय ६० सेंटिमीटर तळावर ३० सेंटिमीटर ओली माती म्हणजे साधारण सव्वातीनशे किलो. टेबलावर ठेवू नका, थेट फरशीवर.

माती अथणी-गोकाककडची काळी नको, वाळली की भेगाळते, भिजली की चिकटते. खानापूरकडची तांबडी माती आणि नदीची वाळू ढोबळ सहास चार मिसळा. मुठीत दाबून गोळा करा, त्यात बोट खुपसून काढा. भोक ढासळलं नाही तर मिश्रण जमलं. उसाच्या शेतातली माती घेऊ नका, फवारणीचं विष असतं.

बल्बखाली रेटेस स्टॅक ठेवा: प्लायच्या चार-पाच फळ्या, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटरची फट, स्क्रूनं घट्ट. वरच्या फळीवर सर्वात जास्त ऊब, खालच्या फटींत कमी. प्राणी लपून हवी ती ऊब निवडतो. शहाबादी फरशीचे तुकडे मातीवर सुटे रचू नका, खाली उकरलं की अंगावर कोसळतात. एका मोठ्या बल्बऐवजी रुंद झोताचे दोन लहान हॅलोजन चांगले, म्हणजे अख्खं अंग सारखं तापतं, पाठीवर एकच डाग भाजत नाही. बल्बला जाळी हवीच. सोबत अतिनील (यूव्हीबी) किरणांची टी-५ नळी, म्हणजे बारीक ट्यूबलाइट. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे यूव्हीबी किरण जवळजवळ नसतात. डिसेंबरच्या रात्री पेटी २० च्या खाली जात असेल तर सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर.

बाकीचं चटकन. खिम्यात हाडं नाहीत, म्हणजे कॅल्शियम नाही. जबडा आणि पाय मऊ पडतात. रोज अंडं दिलं तर चरबी वाढते. घरी वाढवलेली झुरळं, नाकतोडे, कॅल्शियमची पूड लावून, हेच मुख्य अन्न. परवान्याबद्दलचा दावा तर सरळ खोटा: २०२२ च्या दुरुस्तीनं असे परदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विक्रेता ‘थेट ऑस्ट्रेलियाहून आणलंय’ म्हणाला तर उठून या; ऑस्ट्रेलिया जिवंत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला परवानगीच देत नाही. आणि रोज पकडून माणसाळत नाही, उलट माणूस दिसला की बिळात जातो. चिमट्यानं खायला द्या, हात पेटीत नुसता ठेवा, जवळ यायचं ते त्यालाच ठरवू द्या.

पेटी तयार झाली की पंधरा दिवस रिकामी चालवा. इन्फ्रारेड थर्मामीटरनं सकाळ, दुपार, रात्र दोन जागा मोजा: वरची फळी आणि थंड कोपरा. शिवाय फूटभर खाली मातीत खुपसलेल्या काडीच्या भोकात ओल टिकते का ते पाहा. जून-जुलैत सलग ढगाळ दिवसांतही आकडे जमले तरच प्राण्याच्या कागदपत्रांची चौकशी सुरू करा.