‘नाव टाकलं की सगळं येतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

पक्ष्यांच्या जातींच्या (स्पीशीजच्या) वर्गीकरणाच्या डेटाबेसमध्ये कसं शोधावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “शास्त्रीय नाव टाकलं की सगळं येतं. हतनूरवर दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांना ‘जातीची संकल्पना’ शिकवणं म्हणजे विद्वत्ता पाजळणं. लेख लांबलाय, चित्रं मोबाईलवर दिसत नाहीत, मराठी नावंही कमी.”

चित्रं बारीक आहेत, मान्य. मोठी टाकतो.

पण ‘विद्वत्ता पाजळणं’ मला लागलं. मी रावेरकडच्या केळीवाल्याच्या घरातला. तापीकाठचे पक्षी पुस्तकात पाहायच्या आधी वडिलांनी आणि सालदारांनी ओळखायला शिकवले. मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा. मला कुणाला शिकवायचा हक्क आहे की नाही, हे ठरवायला तुम्हाला कुणी बसवलं?

आता ‘नाव टाकलं की सगळं येतं’ याकडे येतो. तापीवरच्या हतनूर धरणाचीच जांभळी पाणकोंबडी घ्या. जुन्या याद्यांत ती पॉर्फिरिओ पॉर्फिरिओ या शास्त्रीय नावानं आहे. तेव्हा या नावाखाली स्पेनपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या सगळ्या जांभळ्या पाणकोंबड्या एकत्र धरत. पुढे त्यांच्या सहा जाती मानल्या गेल्या. आपली झाली पॉर्फिरिओ पोलिओसेफॅलस, पक्षीशास्त्रज्ञ लॅथमनं 1801 मध्ये दिलेल्या नावाची. लिनियसचं 1758 चं जुनं नाव मात्र भूमध्य समुद्राकडच्या पक्ष्याकडे राहिलं. म्हणजे नाव तेच, पण त्यात मावणारे पक्षी वेगळे. जुनं नाव टाकाल तर स्पेनच्या पक्ष्याची माहिती हतनूरच्या पक्ष्याला चिकटेल, आणि नुसतं नवं टाकाल तर आपल्याकडच्या कितीतरी जुन्या नोंदी निसटतील.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. आमच्याकडच्या एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीच्या (गावातल्या सजीवांची नोंद ठेवणाऱ्या वहीच्या) कामात मी होतो. तिथं एकानं जुनं नाव शोधून आलेला पहिला निकाल उचलून भूमध्य समुद्राकडच्या पक्ष्याचा प्रसार आणि त्याची संवर्धनस्थिती आपल्या पाणकोंबडीपुढे लिहिली होती. मी हरकत घेतली तर उत्तर मिळालं, “नाव तर बरोबर आहे ना?” तुमचं वाक्य वाचून तेच आठवलं, म्हणून एवढं लिहितोय.

तुम्ही ईबर्ड (पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) वापरत असाल तर हा घोळ तुम्हाला दिसणार नाही, कारण जातीचं विभाजन झालं की ते लोक प्रदेश पाहून जुन्या नोंदी नव्या नावाखाली हलवतात. तुमच्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं, भाऊ. सगळीकडे तसं होत नाही. म्हणून मी एव्हिबेस हा पक्ष्यांच्या नावांचा डेटाबेस सुचवला होता. तिथं नाव टाकल्यावर व्यापक अर्थाची जात आणि मर्यादित अर्थाची जात वेगवेगळ्या नोंदी म्हणून समोर येतात, प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो, आणि कोणत्या यादीनं कोणती धरली तेही कळतं. आधी ‘कुणाच्या मते’ हे पाहायचं आणि मग माहिती घ्यायची, एवढंच माझं म्हणणं होतं.

लेखातलं रानपिंगळ्याचं, म्हणजे त्या छोट्या घुबडाचं, उदाहरण तुम्ही वाचलंच नाही असं दिसतं. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमनं 1873 मध्ये त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी म्हटलं, आणि पुढे अनेकांनी अथीन ब्लेविटी. 1884 नंतर हरवलेला हा पक्षी 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. इथं नावं दोन, पण पक्षी तोच. त्यामुळे दोन्ही नावांखालची माहिती निर्धास्त जोडता येते. पाणकोंबडीच्या बाबतीत तसं केलंत तर चुकाल. हा फरक नुसत्या नावावरून कळतो का, ते सांगा.

लांबी आणि मराठी नावं यांवर वाद घालत बसत नाही. तुमच्या गटाकडे हतनूरची विभाजनाआधीची एखादी यादी असेल, तर त्यातलं पाणकोंबडीचं नाव जसंच्या तसं एव्हिबेसवर टाका आणि काय काय समोर येतं ते इथंच लिहा. पुढचं बोलणं त्यावर करू.