एमजीएफचा थर्मोस्टॅट काढू नका

इंग्लंडमध्ये जुनी एमजीएफ (एमजी नावाची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतलेल्या मामेभावाला कुणीतरी एक मजकूर पाठवला आणि तो रविवारी तिचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी झडप, काढायला बसणार होता. मजकुराचं म्हणणं असं: 1995 मध्ये एमजीचं नाव पुन्हा स्पोर्ट्स कारला लावलं ती फसवणूक, तिच्या के-सीरिज इंजिनाचं हेड गॅस्केट (इंजिनाचा मुख्य भाग म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) जाणारच, ते टाळायला थर्मोस्टॅट काढा, आणि गेलंच तर गळती बंद करणाऱ्या द्रवाची बाटली पाण्यात ओता. शेवटचे दोन सल्ले धडधाकट इंजिन मारतील, म्हणून आधी तेच.

बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट पाणी इंजिनातून बाहेर पडतं तिथे असतो. के-सीरिजमध्ये तो पाणी आत येतं तिथे आहे. एमजीएफचं इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढे, आणि दोघांमध्ये गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइप. ब्लॉकमध्ये पाणी मुळात कमी. थर्मोस्टॅट उघडला की पाइपांतलं गार पाणी तापलेल्या ब्लॉकमध्ये घुसतं, धातू आकसतो, परत फुगतो, आणि हेड ब्लॉकवर किंचित सरकतं. खरं दुखणं हे. थर्मोस्टॅटच काढला तर गार पाणी येतच राहतं: इंजिन धड तापत नाही, ऑइल जाड राहतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल जास्त सोडतो. कारखान्याने पुढे जो उपाय केला तो याच्या उलट होता. दाबावरही उघडणारा थर्मोस्टॅट दिला, म्हणजे गार पाणी हळूहळू मिसळतं.

आता बाटली. तो चिकट गाळ गळतीच्या जागी बसायच्या आधी हीटरच्या बारीक नळ्यांत आणि एक्स्पान्शन टँककडे (जादा पाण्याच्या टाकीकडे) हवा नेणाऱ्या अरुंद नळीत बसतो. मग हवा अडकते. टेम्परेचर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहिला की काटा खाली दिसतो आणि इंजिन भाजत असतं. कृपा करून ओतू नका.

पाणी कमी होतंय म्हणजे हेड गॅस्केट गेलंच, असंही नाही. आधी इनलेट मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा, ते नेहमी झिरपतं. मग पोटाखालचे गंजलेले पाइप, मग टँकचं झाकण. हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर हेड उतरवल्यावर क्रँक (पिस्टनना जोडलेला फिरता दांडा) फिरवू नका. लायनर (ज्यांत पिस्टन वरखाली होतात ती नळकांडी) क्लॅम्पने दाबल्याशिवाय फिरवलात तर लायनर उचलले जातात, खालचं सील तुटतं आणि पाणी ऑइलमध्ये. लायनरवर सरळ पट्टी आडवी ठेवा. ते ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर हवेत. खाली बसले असतील तर कितीही महाग गॅस्केट टिकणार नाही. दहा लांब बोल्ट हेडपासून ब्लॉकच्या तळाच्या ऑइल रेल नावाच्या पट्टीपर्यंत सगळं इंजिन बांधून ठेवतात. वर्कशॉप मॅन्युअलचा आकडा स्पष्ट आहे: मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, 20 न्यूटन-मीटर, मग 180 अंश, परत 180 अंश. अंदाजाने आवळायचे नाहीत.

गॅस्केटबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे, मान्य करावंच लागेल. हेड जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिना काही काळ प्लॅस्टिकच्या होत्या. ही काटकसर अक्षम्य होती. स्टीलच्या पिना आणि अनेक थरांचं स्टील गॅस्केट घाला. पण ‘जाणारच’ हे खोटं.

नावाच्या फसवणुकीबद्दल एवढंच: ज्या जुन्या एमजीबी या स्पोर्ट्स कारला ‘खरी’ म्हणता, तिला 1974 मध्ये अमेरिकन नियमांसाठी रबरी बंपर लावून उंच केलं आणि वळणांवर ती डुलायला लागली. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला. त्यानंतर एमजीचा बिल्ला मेट्रो आणि माएस्ट्रो या साध्या घरगुती गाड्यांवर लागला तेव्हा हे लोक कुठे होते? मध्ये इंजिन बसवलेली, नव्याने आखलेली दोन सीटची गाडी हा त्या नावाचा जास्त प्रामाणिक वापर होता.

मामेभावासाठी: थर्मोस्टॅट राहू दे. पाणी बदललंस तर रेडिएटर आणि हीटरच्या पाइपवरचे ब्लीड स्क्रू उघडून सगळी हवा काढ, आणि पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन गार असताना, टँकमधली पातळी बघ.