चॅरिटी म्हणून गन वाटायच्या म्हणताय? आधी हे वाचा

गेले काही दिवस अमेरिकेतल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, मला चार ठिकाणांहून आलाय. म्हणणं थोडक्यात असं की मंडळांनी पुढाकार घेऊन लोकांना फुकट गन ट्रेनिंग द्यावं, देणग्या गोळा करून गरजू कुटुंबांना एकेक गन भेट द्यावी, मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था असल्यामुळे लायसन्स लागत नाही, भेट असल्यामुळे बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या जुन्या नोंदींची तपासणी) लागत नाही, नुसतं शिकायला तर कुणीही येऊ शकतं, आणि वेव्हरवर (काही झालं तर दावा करणार नाही अशा कागदावर) सही घेतली की मंडळ मोकळं. मी टेक्सासमध्ये राहतो, माझ्या घरात स्वतःची शॉटगन आहे, त्यामुळे मी गनच्या विरोधात आहे वगैरे कुणी म्हणू नका. पण हा मेसेज खरा धरून कुणी कामाला लागलं तर आपल्यातलंच कुणीतरी आत जाईल, म्हणून एवढं टाइप करतोय.

सगळ्यात घातक ओळ आधी घेतो, "शिकायला कुणीही येऊ शकतं". नाही येऊ शकत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने गन किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल (केंद्र सरकारच्या कायद्याखालचा) गुन्हा आहे, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ सगळे आले त्यात, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. आता आपापल्या मंडळाची यादी काढा आणि बघा किती जण यात बसतात. ग्रीन कार्डाचा अर्ज टाकलाय, नंबर लागायचाय, हे चालत नाही, कार्ड हातात पाहिजे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे, ती खरी आहे, पण ते लायसन्स चालू आहे का हे प्रत्येकाचं तपासायला लागेल, आणि मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

"अहो पण शूटिंग रेंजवरची गन, दोन मिनिटं हातात धरली तर काय?" असं मला एकाने विचारलं. फ्लोरिडात एक परदेशी विद्यार्थी होता, मार्क कमी पडले म्हणून युनिव्हर्सिटीने काढून टाकलं, व्हिसाचं स्टेटस गेलं, नंतर तो शूटिंग रेंजवर गेला आणि तिथे गन चालवली, त्यावरून केस झाली आणि १८ महिन्यांची शिक्षा लागली. तो रेहाईफ खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की आपलं स्टेटस काय आहे हे आरोपीला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं, आणि शिक्षा उलटवली. पण आपल्या एच-१बीवाल्याला आपला व्हिसा माहीत नाही असं कोण मानणार?

रेंजवाले विचारतील आणि अडवतील या भरवशावरही राहू नका. मागच्या वर्षी माझा मावसभाऊ, एफ-१ वर आहे, माझ्याबरोबर आला होता. काउंटरवरच्या माणसाने त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स उलटसुलट करून बघितलं आणि कानाचे मफ्स पुढे सरकवले, व्हिसाबद्दल काहीच विचारलं नाही. मीच म्हटलं तू बाहेर थांब. तासभर गाडीत बसून राहिला बिचारा, घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, बोलू नको म्हटलं, पण तुझा व्हिसा तरी शाबूत आहे. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो, तुम्ही गन घेऊ शकता, पण गनच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेवढ्यावर डिपोर्ट होऊ शकता, मग इथे वीस वर्षं झालेली असोत नाहीतर पोरं इथे जन्मलेली असोत.

आता "भेट आहे, चेक नको". यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. मी माझ्या पैशाने गन घेऊन माझ्याच राज्यातल्या भावाला दिली तर ती खरी भेट, फेडरल कायदा तेवढी मुभा देतो, फक्त ज्याला गन बाळगायला बंदी आहे अशा माणसाला, किंवा तशी शंका यायला सबळ कारण असेल त्याला, ती देता येत नाही. पण मंडळाने मेंबरच्या हातात देणगीचे पैसे ठेवायचे, त्याने दुकानात स्वतःच्या नावावर गन घ्यायची आणि तिसऱ्याला द्यायची, ही भेट नव्हे. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यातल्या हो-नाहीच्या प्रश्नांमध्ये पहिलाच प्रश्न आहे की खरा घेणारा तूच आहेस ना, आणि दुसऱ्यासाठी घेत असशील तर तू खरा घेणारा नाहीस अशी वॉर्निंग तिथेच छापलेली आहे. दुसऱ्याने पैसे दिले असतील तर ती खरी भेट धरत नाहीत हेही त्याच फॉर्मच्या सूचनांत आहे.

घेणारा माणूस स्वच्छ असला तरी सुटका नाही बरं का. व्हर्जिनियातला एक माजी पोलिस, अब्रामस्की, त्याने पोलिसांचा डिस्काउंट मिळतो म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या काकासाठी ग्लॉक पिस्तूल घेतली, काकाने आधी ४०० डॉलरचा चेक पाठवला होता. दोघांनाही गन घ्यायला कायद्याने काही आडकाठी नव्हती, काकाने आपल्या राज्यात डीलरकडे रीतसर बॅकग्राउंड चेक करूनच ती ताब्यात घेतली, तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने अब्रामस्कीला दोषीच धरलं, कारण फॉर्मवर खरा घेणारा मीच असं लिहिलं होतं. म्हणजे "आपली सगळी माणसं सज्जन आहेत" हा बचाव होत नाही.

५०१(सी)(३) चं म्हणाल तर तो टॅक्सचा विषय, आयआरएस या टॅक्स खात्याचा. गनचा विषय एटीएफ या वेगळ्या फेडरल खात्याकडे आहे आणि त्यांना तुमच्या टॅक्स स्टेटसशी देणंघेणं नाही. वारंवार गन घेऊन वाटायला लागलात तर तुम्ही लायसन्सशिवाय धंदा करताय का हा प्रश्न येणारच.

राज्यांचं वेगळंच आहे. टेक्सासमध्ये दोन खाजगी माणसांत देवाणघेवाण झाली तर राज्य बॅकग्राउंड चेक मागत नाही, पण न्यू जर्सीत परमिट, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (गन बाळगायचं राज्याचं ओळखपत्र), कॅलिफोर्नियात डीलरमार्फत आणि वर १० दिवस थांबायचं. एकच मेसेज न्यू जर्सीतल्या एडिसनला पण आणि ह्यूस्टनला पण, कसं चालेल? आणि लायसन्स नसलेल्याने दुसऱ्या राज्यातल्या माणसाला गन थेट देणं फेडरल कायद्यातच बसत नाही.

वेव्हर ही सही करणाऱ्यापुरती असते. उद्या त्या गनने शेजारच्या मुलाला इजा झाली तर त्याच्या आईबापांनी कुठे सही केलीय? २००५ चा जो कायदा सांगतात तो गन बनवणाऱ्या कंपन्या आणि लायसन्सवाल्या विक्रेत्यांना संरक्षण देतो, मंडळाला नाही. १९९७ चा व्हॉलंटियर संरक्षण कायदा व्हॉलंटियरला काही प्रमाणात वाचवतो, संस्थेला नाही.

मेसेजच्या शेवटी ह्यूस्टनचा दाखला दिलाय, तो खरा आहे. २०१३ मध्ये आर्म्ड सिटिझन प्रोजेक्ट नावाच्या संस्थेने तिथे लोकांना फुकट शॉटगन दिल्या, एकावेळी एकच गोळी बसणाऱ्या साध्या. पण त्यांनी ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक दोन्ही ठेवलं होतं, नेमकं तेच मेसेजमधून गाळलंय. करायचंच असेल तर गन लायसन्सवाल्या डीलरच्या ताब्यात राहू द्या, ज्याला मिळणार आहे त्यानेच स्वतः ४४७३ भरून, बॅकग्राउंड चेक करून घेऊन तिथूनच न्यावी, मंडळाच्या कुणी मध्ये हातही लावू नये, आणि आधी गनचे कायदे बघणाऱ्या वकिलाकडून हे सगळं लेखी घ्या. ट्रेनिंगला येणाऱ्यांची कागदपत्रं दारातच बघा, लाज वाटली तरी बघा.

आणि ज्यांनी तो मेसेज स्टुडंट्सच्या ग्रुपवर टाकलाय त्यांनी प्लीज आजच डिलीट करा, या सेमिस्टरला नवीन आलेली पोरं आहेत तिथे.