‘कायदा हे निमित्त’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मुलांना हॉवरबोर्ड (उभं राहून चालवायचा, दोन चाकांचा विजेचा बोर्ड) भेट देण्याआधी आपल्या इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाचा कायदा वाचा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली ‘एक जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया दोन दिवस तशीच ठेवली, कारण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हॉवरबोर्डला लायसन्स लागतं असं मी चुकीचं लिहिलं, न्यू जर्सीत असली बंधनं नाहीत, बॅटरी पेटण्याचा मी उगाच बाऊ केला. आणि शेवटी: "ताई, तुमच्यासारख्या आयांना मुलं घरात कोंडून ठेवायची असतात, कायदा हे फक्त निमित्त. आमच्या गल्लीत आजवर एकाही पोलिसाने मुलांना हटकलेलं नाही."

लायसन्सचं आधी. चूक माझी. लायसन्स किंवा शिकाऊ परवाना लागतो तो हँडल असलेल्या मोटराइज्ड स्कूटरला. हॉवरबोर्ड ‘इलेक्ट्रिकली मोटराइज्ड बोर्ड’ या वेगळ्या वर्गात येतो, त्याला लायसन्सची अट नाही. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण "अर्धवट माहितीवर ज्ञान पाजळू नका" हे त्याला जोडायची काय गरज होती? चूक दाखवायला एक ओळ पुरते.

जर्सीबद्दल एवढंच सांगते की २०१९च्या ज्या कायद्याने तिथे स्कूटर सायकलींच्या रांगेत बसवल्या, त्याच्या व्याख्येतच ‘हँडल असलेली’ असं आहे. हॉवरबोर्डला हँडल कुठे असतं? तेव्हा ती मोकळीक हॉवरबोर्डची नव्हे. आणि बॅटरीचा बाऊ मी केलेला नाही. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत दहा कंपन्यांचे मिळून पाच लाखांवर बोर्ड परत मागवले गेले, ते याच कारणासाठी. हे मुद्दे इथे संपले.

आता ते ‘कोंडून ठेवायची’.

तुम्ही मला ताई म्हणालात. आमच्याकडे ताई म्हटलं की पुढचं वाक्य जरा जपून बोलतात. तुम्ही ताई म्हणून लगेच माझ्या आईपणावर बोट ठेवलंत, म्हणून मला घरातलं इथे सांगावं लागतंय.

मी सांगलीची. पोहायला शिकले ती कृष्णेच्या घाटावर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे असायचे. डबा कधी सोडायचा हे ते ठरवायचे, आणि मी कितीही रडले तरी एक दिवससुद्धा आधी सोडला नाही. त्याला घाटावरच्या कुणीही कोंडणं म्हटलं नाही. दोन उन्हाळ्यांनंतर मी नदी पार करत होते.

माझ्या मुलाला अकराव्या वाढदिवसाला हॉवरबोर्ड मिळाला, घरच्याच मित्रमंडळींकडून. तेव्हा मीही तुमच्यासारखीच म्हणाले होते की समोरचा रस्ता म्हणजे आपलं अंगणच. आमचा रस्ता पुढे बंद होतो, गाड्या मोजक्या. चौथ्या दिवशी तो फूटपाथवर गेला. झाडाच्या मुळाने तिथली फरशी बोटभर उचलली आहे. बोर्डचं चाक केवढं, आपल्या वितीपेक्षा लहान. ते त्या कडेला अडलं, बोर्ड जागेवर थांबला आणि पोरगा पुढे गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. धावत गेले तेव्हा तो रडतही नव्हता, नुसता हाताकडे बघत होता. मनगट वाकलेल्या चमच्यासारखं झालं होतं. हेल्मेट घरात, हुकला टांगलेलं. डोक्याला लागलं नाही, हे नशीब. सहा आठवडे उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्याचा गृहपाठ तो बोलायचा आणि मी लिहायचे.

त्या रात्री मी पहिल्यांदा कायदा वाचला. वय किमान १६. हेल्मेट सगळ्यांना, चाळिशीच्या माणसालाही. वेग ताशी १५ मैलांपर्यंत, आणि सायकलसाठी आखलेली मार्गिका नसेल तर वेगमर्यादा ३५ मैलांपेक्षा जास्त असलेल्या रस्त्यावर जायचं नाही. यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती. ज्यांनी बोर्ड दिला त्यांनाही नव्हती. म्हणून तो लेख लिहिला. भीती लपवायला निमित्त हवं होतं म्हणून नव्हे.

आणि ‘निमित्त’ म्हणण्याआधी त्या कायद्याचा इतिहास तरी बघायचा होतात. कॅलिफोर्नियात १९७७पासून मोटार लावलेल्या स्केटबोर्डवर बंदीच होती, तेव्हाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या, कर्कश बोर्डांमुळे. विजेचे बोर्ड आल्यावर ‘असेंब्ली बिल ६०४’ हे विधेयक मंजूर झालं आणि १ जानेवारी २०१६पासून हे बोर्ड रस्त्यावर आणायला मोकळीक मिळाली. अटी घालून दिलेली मोकळीक आहे ती. म्हणजे ज्याला तुम्ही कोंडणं म्हणता, त्यानेच दार उघडलं आहे. सोळाव्या वर्षी माझा मुलगा याच कायद्याच्या आधाराने बोर्ड घेऊन रस्त्यावर जाईल आणि मी अडवणार नाही.

तुमच्या गल्लीत पोलीस हटकत नाहीत, हे खरंही असेल. त्यावर मला वाद घालायचा नाही. पण माझ्या मुलाचं मनगट मोडलं तेव्हाही गल्लीत पोलीस नव्हता. अहो, पोलीस येत नाही यावर जर तुम्ही मुलांची सुरक्षितता मोजत असाल, तर आपलं बोलणं खुंटलंच.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. बोर्ड सध्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवर आहे. घराच्या ड्राइव्हवेवर कायदा आड येत नाही, तेव्हा रविवारी तासभर तो खाली येतो. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे आधी, बोर्ड नंतर. मी समोर उभी असते.