‘चुकून’ म्हणा, विषय संपला

पाच हजारांच्या आसपास मोजून नवा गेम घेतलात? अभिनंदन. आता पाय पसरून निवांत बसा, कारण आधी जाहिरात आहे. वैतागू नका. तुम्ही गेम विकत घेतलात म्हणून गेमवाल्यांनी तुम्हाला विकायचं नाही, असं कुठं ठरलं होतं? अटींची ती लांबलचक पानं न वाचताच तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलंय. (मीही दाबलंय.)

फुकटच्या गेममधल्या जाहिरातीबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. फुकटचं जेवण, वाढप्याचं ऐकून घ्यायचं. पण पैसे देऊनही जाहिरात बघायला मिळणं ही खरी चैन आहे, आणि कोल्हापूरकरांनी तरी ती नाकारू नये. बिंदू चौकापासून महाद्वार रोडपर्यंत चालत जा. गॉगल लावलेल्या किती भावी नगरसेवकांना आपण त्यांच्या वाढदिवशी न बोलावता भेटतो! आपला सराव झालेला आहे. २००८ मध्ये बराक ओबामांच्या प्रचाराचे फलक ‘बर्नआउट पॅराडाइज’ या गाड्या पळवायच्या गेममध्ये रस्त्याकडेला झळकले, तेव्हा अमेरिकेत त्याची बातमी झाली. आपल्याकडं बातमी झाली असती ती फलकाखाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो नव्हते म्हणून.

राजारामपुरीत माझा पुतण्या राहतो. त्याच्याकडं गेलो, तर पोरगं कंट्रोलर मांडीवर ठेवून शेंगदाणे सोलत बसलेलं. म्हटलं, खेळत का नाहीस? म्हणाला, “काका, थांबा की, लोड हुतंय.” पडद्यावर एक बूट गोल गोल फिरत होता. बूट फिरून झाला, मग गेम लोड व्हायला लागला. पोराच्या पुढ्यात टरफलांचा ढीग. याला म्हणतात संयम. आमच्या पिढीला तो शिकायला विपश्यनेला जावं लागलं.

गेम लोड होईपर्यंत वेळ जावा म्हणून जाहिरात असते, असं समजणारे भोळे लोक अजून आहेत. २००९ मध्ये ‘वाइपआउट एचडी’ या गेममध्ये लोडिंगच्या वेळात जाहिरात घातली, तर लोडिंगच जास्त वेळ चालायला लागलं. जाहिरात पुरी दिसली पाहिजे ना! लोक चिडले, सोनीनं ती काढली. घाई केली. आणखी दोन महिने ठेवली असती तर सवय झाली असती.

आता वेळ साधायची कशी, ते शिकून घ्या. ‘यूएफसी ४’ हा मारामारीचा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आला. परीक्षणं छापून झाली, लोकांनी पैसे भरले, आणि सप्टेंबरात रिप्लेच्या मध्ये एका वेब मालिकेची पडदाभर जाहिरात झळकली. मिसळीचं नवं हॉटेल पहिला महिना तर्री कशी वाढतं आणि नंतर काय वाढतं, हे ज्यानं चाखलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. आता खासबाग मैदान डोळ्यांसमोर आणा. पैलवानानं घिस्सा मारलाय, समोरचा चितपट होतोय, सगळं मैदान उभं राहिलंय आणि नेमका तेवढ्यात कुणीतरी तुमच्या डोळ्यांपुढं फलक धरतो. त्या फलकाचं आणि धरणाऱ्याचं पुढं काय होईल ते लिहीत नाही. गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं मात्र तुमचं म्हणणं ऐकलं म्हणत जाहिरात बंद केली. पुढं मे २०२४ मध्ये याच कंपनीचे प्रमुख अँड्र्यू विल्सन गुंतवणूकदारांना म्हणाले की जाहिरातींतून वाढीला मोठा वाव आहे, आणि गेममध्ये त्या अगदी विचारपूर्वक कशा आणता येतील हे आमची माणसं बघताहेत. म्हणजे आधीची अविचारानं आलेली होती.

पण खरी विद्या वेगळीच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘एनबीए २के२१’ या बास्केटबॉलच्या गेममध्ये सामन्याआधी चुकवता न येणारी जाहिरात आली. ओरड झाली, तेव्हा खुलासा आला की जाहिरात त्या जागी दिसायची नव्हती. नीट वाचा: त्या जागी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ खेळणारे लोक नकाशा उघडायला गेले, तर समोर त्याच मालिकेतल्या नव्या गेमवरची सवलत. युबीसॉफ्ट म्हणाली, तांत्रिक चूक. जून २०२५ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मध्ये बंदूक निवडायच्या यादीतच विकाऊ मालाचे फलक लागले. ॲक्टिव्हिजन म्हणाली, चाचणी चालू होती, चुकून बाहेर पडली.

चुकून! जाहिरात रंगवून, कापून, मापात बसवून तयार, आणि लागली मात्र चुकून. आजवर कुठल्या कंपनीच्या हातून चुकून गेम निम्म्या किमतीला गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. चूक उताराच्या पाण्यासारखी बरोबर गल्ल्याकडंच वाहते.

तेव्हा वाचकहो, चिडण्यात शक्ती घालवू नका, हा शब्द उचला. घरात, ऑफिसात, बाजारात सगळीकडं चालतो. सोसायटीचा मेंटेनन्स थकला? चुकून. शेजाऱ्याच्या दारात गाडी लावली? चाचणी चालू होती. लग्नाचं आमंत्रण नसताना पंगतीत सापडलात? या पंगतीत बसायचं नव्हतं, पुढच्या पंगतीपासून सुधारणा करू.

मी स्वतः करून बघितल्याशिवाय सल्ला देत नाही. परवा संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. तिथं म्हैस समोर उभी असते, धार थेट ग्लासात पडते, वर बोटभर फेस. दुधात ‘चुकून’ काही पडायची सोयच ठेवलेली नाही. ग्लास संपवला, मिशा पुसल्या आणि सरळ चालायला लागलो.

“ओ पावणं, पैसं?”

“अरेच्चा, चुकून राहिलं बघा. तांत्रिक चूक.”

गवळ्यानं मान वर केली नाही. एक हात म्हशीच्या दाव्यावर ठेवला आणि म्हणाला, “मग म्हशीलाबी चुकून सोडू काय?”

म्हैस माझ्याकडंच बघत होती. मी सुटे काढले.