ड्रायरमधून हवा गरमच येते, मग तो करतो काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

रेफ्रिजरेटेड ड्रायरवरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेली हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणाऱ्या यंत्रावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने चांगलंच खडसावलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘तुम्ही लिहिता हवा ३ अंशांपर्यंत थंड होते. आमच्या ड्रायरच्या आउटलेट पाइपवर हात ठेवा, कोमट लागतो. पॅनेलवर ३ दिसतं, आणि पुढच्या फिल्टरच्या बाउलमध्ये पाणी साठतंच. चांगला आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरमागचा कूलर) आणि रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) ड्रेन एवढ्यावर काम भागतं, ड्रायर म्हणजे शोभेची पेटी. आणि थंड करूनच पाणी निघत असेल तर ३ वर का थांबायचं, उणे १० करा की. लेख कॅटलॉग वाचून लिहिलेला दिसतो.’

प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितो.

आधी कोमट पाइप. तो कोमटच असायला हवा. गार लागला असता तर मी काळजी केली असती. ड्रायरमध्ये हवा दोन टप्प्यांत थंड होते. आत आलेली गरम, ओली हवा आधी एअर-टू-एअर एक्स्चेंजरमधून जाते, आणि त्याच एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूने ३ अंशांची, पाणी काढलेली हवा बाहेर निघालेली असते. गरम हवा तिच्याकडून गारवा घेते, ती गरम हवेकडून ऊब घेते. त्यानंतर इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे फ्रिजसारख्या थंड भागात, रेफ्रिजरंटला (थंड करणाऱ्या गॅसला) उरलेलंच काम करावं लागतं. हा एक्स्चेंजर काढून टाकला तर त्याच कामासाठी बराच मोठा कूलिंग कॉम्प्रेसर लागेल. शिवाय ३ अंशांची हवा तशीच लाईनमध्ये सोडली तर वर्कशॉपभर पाइपना बाहेरून घाम फुटेल आणि खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पाणी टपकेल. मग तुम्हीच म्हणाल, ड्रायर लावला आणि पाणी वाढलं!

३ अंश हा आकडा हवेच्या वाटेतल्या सर्वांत थंड जागेचा आहे, आउटलेटचा नाही. त्या जागी जी वाफ पाणी होऊ शकली नाही तेवढीच हवेत उरते, आणि पुढे ती हवा ३० अंशांपर्यंत पुन्हा तापली तर तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. तिच्यातून पाणी सुटायचं तर पाइप ३ अंशांच्या खाली जावा लागेल. प्रेशर ड्यू पॉइंट (दाबाखालच्या हवेतून पाणी सुटू लागण्याचं तापमान) ३ म्हणजे एवढंच.

आफ्टरकूलरचं तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, निम्म्याहून थोडं जास्तच म्हणा. हिशेबच मांडू. कॉम्प्रेसर मिनिटाला १० घनमीटर हवा ओढतो, बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता. अशा हवेत घनमीटरला साधारण २१ ग्रॅम वाफ असते, म्हणजे तासाला १३ लिटरच्या आसपास पाणी कॉम्प्रेसरमध्ये शिरतं. हवा ७ बारला (वातावरणाच्या दाबापेक्षा ७ बार जास्त) दाबली की तिचं आकारमान आठव्या हिश्शावर येतं, आणि आफ्टरकूलरने ती ४० अंशांवर आणली की त्यातलं पावणेनऊ लिटरच्या आसपास पाणी तिथे आणि रिसीव्हरमध्ये सुटतं. सिंहाचा वाटा आफ्टरकूलरचाच, मान्य.

पण उरलेले चार लिटर? ते वाफ आहेत. रिसीव्हरचा ड्रेन दिवसभर उघडा ठेवला तरी वाफ त्यातून वेगळी निघत नाही. हवा ४० अंशांवर पूर्ण संपृक्त आहे, आणखी वाफ तिच्यात मावत नाही, म्हणजे पुढे पाइप ३५ अंशांचा झाला की पाणी, ३० चा झाला की आणखी पाणी. रात्री लाईन गार पडते आणि सकाळी पहिल्या शिफ्टला सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) चिकटलेले सापडतात, ते यामुळे. ड्रायर या चार लिटरमधले साडेतीन बाजूला काढतो. राहिलेलं अर्ध्या लिटरहून कमी पाणी वाफ म्हणूनच लाईनमधून निघून जातं, कुणाला त्रास न देता.

आता उणे १०. इव्हॅपोरेटरचा पृष्ठभाग शून्याखाली गेला की सुटलेलं पाणी तिथेच गोठतं. हवेच्या वाटा चोंदतात, प्रेशर ड्रॉप वाढतो, आणि मशीन थांबून बर्फ वितळला की ते सगळं पाणी एकदम पुढे जातं. म्हणून तर हॉट गॅस बायपास व्हॉल्व्ह असतो. हवेचा लोड कमी झाला की इव्हॅपोरेटरमधला दाब आणि त्याबरोबर तापमान घसरायला लागतं, तेव्हा हा व्हॉल्व्ह थोडा गरम गॅस आत सोडून त्याला शून्याच्या वर धरून ठेवतो. आयएसओ ८५७३-१ या दाबलेल्या हवेच्या शुद्धतेच्या मानकात पाण्यासाठी चौथा वर्ग ३ अंशांचा आहे आणि तिसरा एकदम उणे २० चा. मधली दरी उगाच नाही. उणे २० किंवा उणे ४० हवं असेल तर ओलावा शोषणारे दाणे भरलेला डेसिकंट ड्रायर घ्यावा, आणि त्यातल्या हीटलेस प्रकारात सुमारे १५ टक्के हवा पर्जमध्ये (ते दाणे पुन्हा कोरडे करण्यात) जाते हे आधीच धरून चालावं. पाइप उघड्यावरून, कडाक्याच्या थंडीतून जात असेल तर तो खर्च करावाच लागतो. छपराखालच्या न्यूमॅटिक सिलिंडरसाठी ती उधळपट्टी आहे.

(काही कॅटलॉगमध्ये रेफ्रिजरेटेड ड्रायरपुढेच उणे २३ छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण तो दाब सोडल्यानंतरचा, वातावरणातला ड्यू पॉइंट आहे. ७ बारवरचे ३ अंश ते हेच. लाईन दाबाखाली असते, त्यामुळे त्या उणे २३ चा तुम्हाला काही उपयोग नाही.)

राहिलं बाउलमधलं पाणी. तुमच्या प्रतिक्रियेतला खरा मुद्दा हाच, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. पॅनेलवर ३ आणि पुढे पाणी, हे सर्रास दिसतं.

बहुतेक लहान-मध्यम ड्रायरमध्ये पॅनेलवरचा ‘ड्यू पॉइंट’ हा ओलावा मोजून काढलेला नसतो. इव्हॅपोरेटरपाशी एक तापमानाचा सेन्सर असतो, त्याचा तो आकडा. म्हणजे हवा थंड झाली की नाही एवढंच पॅनेलला कळतं. सुटलेलं पाणी मशीनबाहेर पडलं की नाही, याची त्याला गंधवार्ता नसते. आणि ड्रायरचं निम्मं काम तेच आहे. पाणी थंडीने सुटलं, सेपरेटरने अडवलं, पण ड्रेन चोंदला असेल तर रस्ता झाडून कचऱ्याचा ढीग तिथेच ठेवल्यासारखं होतं. सेपरेटर भरतो, हवा ते पाणी उचलते आणि त्या पहिल्या एक्स्चेंजरच्या उबदार बाजूला नेते. तिथे त्यातलं काही पुन्हा वाफ होतं, बाकी थेंबाथेंबाने तुमच्या बाउलमध्ये उतरतं. सगळी वीज खर्चून वेगळं केलेलं पाणी पुन्हा हवेत, आणि पॅनेलवर निवांत ३.

म्हणून उद्या आधी ड्रेनकडे जा. टायमर ड्रेन (ठरावीक वेळाने आपोआप उघडणारा) असेल तर टेस्टचं बटण दाबा. आधी पाणी आणि मग फुस्स करून हवा आली तर वाट मोकळी आहे. नुसतंच पाणी येत राहिलं आणि हवा आलीच नाही, तर व्हॉल्व्ह पुरेसा वेळ उघडत नाही. वरच्या उदाहरणात दर १० मिनिटांनी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी जमतं. कोरड्या दिवसांत लावलेली सेकंदं दमट दिवसांत पुरत नाहीत, आणि टायमरला कुणी हात लावलेला नसतो. बटण दाबून काहीच आलं नाही तर आयसोलेशन कॉक बंद करा, आतला दाब सोडा आणि स्ट्रेनर खोला. बोटाच्या पेराएवढी ती जाळी असते. गंजाची भुकटी आणि तेल मिळून तिच्यावर दुधी-तपकिरी लगदा बसलेला असतो, नखाने खरवडावा लागतो. एवढीशी जाळी अख्ख्या ड्रायरला निकामी करते.

दुसरा संशय बायपासवर. ड्रायरला वळसा घालणारा तो व्हॉल्व्ह सर्व्हिसिंगच्या वेळी उघडतात आणि नंतर ‘जवळजवळ’ बंद करतात. किंवा सीट झिजलेली असते. थोडीशी ओली हवाही पुढच्या सगळ्या हवेचं वाटोळं करायला पुरते. ड्रायरच्या आधी आणि नंतर बायपासच्या नळीला हात लावून काही कळणार नाही, व्हॉल्व्हच तपासावा लागेल.

ड्रेन आणि बायपास दोन्ही ठीक निघाले तर इनलेटला थर्मामीटर लावा. ड्रायरची क्षमता सहसा आयएसओ ७१८३ या ड्रायरच्या मानकाच्या धर्तीवर ३५ अंश इनलेट, २५ अंश खोली आणि ७ बार धरून लिहिलेली असते. तुमच्या कॉम्प्रेसर रूममधून हवा ५० अंशांनी येत असेल, तर घनमीटरला ४० ऐवजी ८३ ग्रॅम वाफ आत शिरते, दुपटीहून जास्त. वर ड्रायरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर धुळीचं पांघरूण. मात्र असा लोड जास्त झाला की पॅनेलवरचा आकडाही ३ वर राहत नाही, चढतो. तुमच्याकडे तो चढलेला नाही, म्हणून माझा पहिला संशय ड्रेनवरच आहे.

ड्रेनचा प्रकार कोणता, टेस्ट बटण दाबल्यावर काय आलं आणि इनलेटचं तापमान किती, या तीन गोष्टी लिहा. टायमरच असेल आणि हवा दिवसभर कमी-जास्त लागत असेल, तर लेव्हल सेन्सर असलेला झिरो-लॉस ड्रेन बसवून घ्यायला मी सुचवेन. तो पाणी असेल तेव्हाच उघडतो, आणि पाणी संपलं की हवा वाया न घालवता बंद होतो.