पोलो नव्हे, आधी चौगान

पोलोवरच्या एका लेखात या घोड्यावरून खेळायच्या खेळाची सुरुवात १८५९ च्या, आसाममधल्या सिलचरच्या क्लबपासून धरली आहे. साहेबांच्या क्लबांपुरतं ते ठीक, पण त्याआधी कित्येक शतकं इराणात हा खेळ 'चौगान' म्हणून रंगत होता. चौगान म्हणजे खरं तर ती वाकड्या टोकाची काठी. चेंडू तो 'गूय'. शाहनामा या इराणी महाकाव्यात राजपुत्र सियावश शेजारच्या तुराणात जाऊन तिथल्या राजा अफरासियाबसमोर चौगान खेळतो, आणि फारसी कवी निजामीची नायिका शिरीन तर सख्यांना घोड्यावर बसवून थेट राजा खुस्रोच्या संघाशी भिडते! बायका मैदानात, तेही बाराव्या शतकातल्या काव्यात.

इराणातल्या इस्फहान शहराच्या नक्श-ए-जहान चौकात गेलात तर कारंजी आणि घोडागाड्यांच्या गर्दीत दोन्ही टोकांना दगडी खांबांच्या जोड्या दिसतील. लोक त्यांना टेकून फोटो काढतात. ते इराणचा राजा शाह अब्बास याच्या काळातले गोलपोस्ट आहेत. पश्चिमेला आली कापू महालाचा उंच सज्जा, तिथून शाह सामने बघायचा.

आपल्याकडे कुत्बुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून गेला, हे शाळेत वाचलेलं असतं. अकबराचं मात्र फार कुणाला ठाऊक नसतं. काळोख्या रात्री खेळता यावं म्हणून तो पेटवलेले चेंडू वापरायचा, आणि ते असायचे पळसाच्या लाकडाचे! हलकं लाकूड, बराच वेळ जळत राहणारं. ऐन-ए-अकबरीत नोंद आहे.

बाकी 'पोलो' हा शब्दही इंग्रजी नाही बरं का, उत्तरेकडच्या बाल्टिस्तानातल्या बाल्टी भाषेतल्या चेंडूचं नाव आहे ते.